चालताना गुडघा किती वाकतो? मांडी-नडगीवर दोन सेन्सर लावून मोजणे (छोट्या फिजिओ सेंटरसाठी, सोलापूर)

पूर्वभाग_फिजिओ (धागाकर्ती)

सोलापूर शहराच्या पूर्वभागातल्या सेंटरला गुडघेदुखीचे जे रुग्ण येतात त्यांत तीन गट ठळक आहेत: विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर पाळीभर उभे राहणारे कामगार आणि गुडघा बदलून आलेले. तिन्ही गटांत एक अडचण सारखी आहे. पलंगावर झोपवून गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावला तर वाक शंभर-एकशेदहा अंश मिळतो, पण चालायला सांगितलं की तोच गुडघा जेमतेम वाकतो. डोळ्यांना ते दिसतं, केसपेपरवर लिहायला मात्र आकडा नसतो. महिन्याने रुग्ण परत आला की "आता जरा बरं हाय" यापलीकडे तुलना करता येत नाही.

कॅमेऱ्यांची गेट लॅब (चाल मोजायची प्रयोगशाळा) आपल्या आवाक्यातली नाही. म्हणून मांडीवर एक आणि नडगीवर एक असे दोन मोशन सेन्सर लावून मोजायचा विचार आहे. हाताशी आहे ते असं: एक ईएसपी३२ बोर्ड (छोटा संगणक), दोन एमपीयू६०५० मॉड्यूल (हेच मोशन सेन्सर), लॅपटॉप, आणि ८ मीटर लांबीचा सरळ हॉल. प्रश्न असे:

पट्टे नेमके कुठे बांधायचे? कोन काढायला कोणतं गणित? आलेल्या आकड्यांपैकी कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही? आणि बहुतेक बायका साडीत येतात, त्यांचं काय?

---

विजापूररोड

ताई, जोडणीपासून सुरुवात करू.

दोन्ही एमपीयू एकाच आयटूसी बसवर (डेटाच्या सामायिक तारांवर) चालतात, कारण पत्ते दोन मिळतात: हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ६८ आणि हेक्स ६९. नडगीच्या मॉड्यूलची एडी-शून्य पिन ३.३ व्होल्टला बांधा, तो ६९ होईल. मांडीचा तसाच ठेवा. एकाच बोर्डाने दोन्ही वाचल्यामुळे वेळ जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. दोन वेगळे ब्लूटूथ सेन्सर घेतले तर सगळ्यात आधी तोच प्रश्न अंगावर येतो. पुढे दोन्ही पायांचं मोजायचं ठरलं, तर ईएसपी३२ मध्ये आयटूसीचे दोन स्वतंत्र कंट्रोलर आहेत. दुसऱ्या बसवर आणखी दोन लावता येतात.

चालू केल्यावर रजिस्टर (चिपमधला आकड्यांचा कप्पा) ६बी मध्ये १ लिहा. मॉड्यूल झोपेतून उठतं आणि घड्याळ जायरोवरून (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागावरून) घेतं, ते जास्त स्थिर असतं. जायरोची रेंज ±१००० अंश प्रति सेकंद ठेवा. मुळात असलेली ±२५० अजिबात पुरत नाही: पाय पुढे फेकताना नडगी सहज ३००-४०० पर्यंत जाते, आकडा वर कापला जातो आणि कोन कायमचा चुकतो. ±१००० ला भागाकार ३२.८ (कच्चा आकडा याने भागायचा). अ‍ॅक्सिलरोमीटर (त्वरण मोजणारा भाग) ±८ जी, भागाकार ४०९६. आतला लो-पास फिल्टर (वेगवान थरथर गाळणारा) ३ वर, म्हणजे साधारण ४२-४४ हर्ट्झ. सॅम्पल रेटचा भाजक ९, म्हणजे १००० भागिले १० = सेकंदाला १०० नोंदी. ३बी पासून सलग १४ बाइट एका दमात वाचा. तुकड्या-तुकड्याने वाचलं तर एका नोंदीत जुने आणि नवे आकडे मिसळतात.

बिघाड कुठे होतो ते आता.

वायर. साध्या जंपर वायरी टाच टेकण्याच्या धक्क्याने सैल होतात. सिलिकॉनची मऊ वायर आणि लॉक होणारे जेएसटी कनेक्टर वापरा, डाग दिलेल्या जागी हॉट ग्लू. गुडघ्यावरून जाणारी वायर बाहेरच्या बाजूने न्या आणि ८-१० सेंटिमीटरचा सैल वळसा ठेवा, नाहीतर गुडघा वाकला की वायर पट्टाच ओढते. बस ४०० किलोहर्ट्झवर अडखळत असेल तर १०० वर आणा. दोन्ही सेन्सर वाचायला तेव्हाही ४ मिलिसेकंदांच्या आतच लागतात, हातात १० आहेत.

वीज. ज्या बोर्डांवर एएमएस१११७ रेग्युलेटर आहे त्याला आत येणारा दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १ व्होल्ट जास्त लागतो. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर तो ३.३ देऊ शकत नाही, वायरलेस सुरू झालं की बोर्ड रिसेट होतो. कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर असलेला बोर्ड घ्या. चार्जिंगला टीपी४०५६ वापरणार असाल तर तो येतानाच १ अँपिअरवर बसवलेला असतो. ५०० एमएएच सेलला ते फार होतं. १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ५ किलोओहम लावला की सुमारे २५० मिलिअँपिअर मिळतात. रुग्णाच्या अंगावरची बॅटरी आहे, इथे काटकसर नको: संरक्षण सर्किट असलेलाच सेल घ्या, आणि चार्जिंग लावलेलं असताना पट्टा कुणाच्या पायावर नको.

बनावट चिप. ओळख-रजिस्टर ७५ वाचा. ६०५० असेल तर हेक्स ६८ येतं, दोन्ही मॉड्यूलवर तेच, पत्ता काहीही असो. ७० आलं तर ती ६५०० आहे. चालते, पण फिल्टरची रजिस्टरं थोडी वेगळी आहेत.

---

होटगीरोड_००३

एवढा खटाटोप कशाला? बीएनओ०५५ घ्या. चिपच्या आतच फ्यूजन (सगळ्या सेन्सरच्या आकड्यांची सांगड) होऊन क्वाटर्नियन (सेन्सरची दिशा सांगणारे चार आकडे) तयार मिळतो. मॅग्नेटोमीटर (होकायंत्र) पण आहे, म्हणजे सरक (कोनात हळूहळू साठणारी चूक) नाही.

---

कोनमापक

बीएनओ चालेल, पण मॅग्नेटोमीटर बंद ठेवूनच. घरातलं होकायंत्र खरं बोलत नाही. स्लॅबमधल्या सळया, लोखंडी कॉट, पॅरलल बार, शेजारच्या गाळ्यात यंत्रमाग असेल तर तोही. त्यातही नडगीचा सेन्सर जमिनीच्या जवळ, त्यामुळे सळयांचा परिणाम त्याच्यावर जास्त आणि मांडीवरच्यावर कमी. दोन्ही सेन्सरची उत्तर दिशा वेगवेगळी झाली की कोनात खोटा फरक शिरतो, आणि तो हॉलच्या प्रत्येक फरशीवर वेगळा असतो. गुडघ्याची वाक काढायला उत्तर दिशा लागतच नाही.

दुसरं, तयार फ्यूजन आतून कोणत्या क्षणी अ‍ॅक्सिलरोमीटरवर विसंबतं ते बाहेरून दिसत नाही. कच्चे आकडे साठवले तर उद्या गणित बदलून जुनं रेकॉर्डिंग पुन्हा तपासता येतं. सेंटरमध्ये सहा महिन्यांनी त्याची किंमत कळते.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. पट्टा आणि शून्य, या दोन गोष्टी नीट झाल्या तर साधं गणितही पुरतं. त्या बिघडल्या तर कोणताही फिल्टर वाचवत नाही.

मांडी: पुढच्या बाजूला स्नायूच्या फुगवट्यावर सेन्सर लावू नका. प्रत्येक पावलाला क्वाड्रिसेप्स आवळतो आणि सेन्सर हाडाबरोबर न फिरता स्नायूबरोबर उचलला जातो. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या सांध्यापासून ८ ते १० सेंटिमीटर वर, जिथे इलिओटिबियल बँड (मांडीच्या बाहेरच्या बाजूची तंतुमय पट्टी) ताठ लागतो तिथे लावा. जाड मांडी असेल तर ५ ऐवजी ७-८ सेंटिमीटर रुंद पट्टा, आतून सिलिकॉनच्या रेषा असलेला.

नडगी: आतल्या-पुढच्या बाजूचा सपाट भाग, जिथे कातडीखाली थेट हाड लागतं. गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या साधारण चार बोटं खाली. पोटरीवर नको. गुडघा बदलाच्या ऑपरेशननंतर टाक्यांची रेघ वाटीच्या वरून या उंचवट्यापर्यंत येते, त्यामुळे पट्टा आणखी खाली न्या आणि जखम पूर्ण भरेपर्यंत थांबा. पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर पट्टा बांधायचाच नाही. रक्ताच्या गुठळीची शंका असते, आधी डॉक्टरांकडे.

जागा ठरली की टेपने वाटीच्या वरच्या कडेपासूनचं अंतर मोजून केसपेपरवर लिहा. पुढच्या वेळी तेवढ्याच अंतरावर लावायचं आहे.

शून्य: बहुतेक ठिकाणी "रुग्णाला सरळ उभं करा, बटण दाबा, तो शून्य अंश" असं करतात. निरोगी तरुणासाठी ते ठीक आहे. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णाचा गुडघा पूर्ण सरळच होत नाही. १० अंशांची कायमची वाक असेल आणि तुम्ही तिलाच शून्य म्हटलंत, तर पुढचा प्रत्येक आकडा १० ने कमी येतो. जो दोष शोधायचा तोच पुसला जातो. वर आणखी घोटाळा असा की व्यायामाने ती वाक ५ वर आली आणि तुम्ही परत उभं करून शून्य केलंत, तर सुधारणा दिसतच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. रुग्णाला भिंतीला पाठ लावून, त्याला जमेल तितकं सरळ उभं करा. त्या स्थितीत गोनिओमीटर लावा: मध्य बाहेरच्या एपिकोंडाइलवर (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा), वरचा हात मोठ्या ट्रोकँटरकडे (खुब्याच्या बाहेरचा हाडाचा उंचवटा), खालचा बाहेरच्या घोट्याकडे. जो कोन येईल तो प्रोग्रॅममध्ये "उभ्याची वाक" म्हणून टाका आणि सेन्सरचं शून्य तिथून सुरू करा. ८ अंश असेल तर सेन्सरने उभं असताना ८ दाखवला पाहिजे. याला एक मिनिट लागतं.

अक्ष: सेन्सर पायावर थोडा तिरका बसतोच. मांडीचा बाहेर, नडगीचा आतल्या बाजूला, म्हणजे दोघांची तोंडं वेगळी. कोणत्या रेषेभोवती गुडघा वाकतो ते सेन्सरलाच शोधू द्या. रुग्णाला उंच स्टुलावर बसवा, पाय लोंबकळता, आणि नडगी ८-१० वेळा पुढे-मागे सावकाश हलवायला सांगा. नडगीच्या जायरोच्या तीन रकान्यांवर प्रिन्सिपल कंपोनंट (आकडे सर्वांत जास्त ज्या दिशेने पसरतात ती दिशा) काढा, पहिली दिशा म्हणजे वाकण्याचा अक्ष. मांडी इथे स्थिर असते म्हणून तिचा अक्ष असा मिळत नाही. त्यासाठी उभं राहून, गुडघा ताठ ठेवून, पूर्ण पाय कमरेतून ८-१० वेळा पुढे-मागे हलवायला लावा. खुर्चीच्या पाठीला धरायला सांगा. दोन्ही अक्षांची चिन्हं तपासा. प्रिन्सिपल कंपोनंट उलटं चिन्हही देऊ शकतो आणि मग वाकण्याऐवजी सरळ होणं मोजलं जातं.

---

चाल_अभ्यासक

कोनमापक यांच्या अक्षाच्या मुद्द्याला जोडून एक. अक्ष १० अंशांनी चुकला तर ६० अंशांच्या वाकेतला सुमारे १० अंशांचा भाग आत-बाहेर झुकण्याच्या रकान्यात गळतो. चालताना गुडघ्याची खरी आत-बाहेर हालचाल फार थोडे अंश असते. म्हणजे तिथे दिसणारा आकडा हालचालीचा नसून चुकीच्या अक्षाचा असू शकतो. दोन सेन्सरवरून "गुडघा बाहेर फाकतोय" असं केसपेपरवर लिहू नका. वाक आणि सरळ होणं, एवढंच लिहा.

गणिताचं म्हणाल तर तीन पायऱ्या.

सगळ्यात आधी जायरोचा बायस (स्थिर असतानाही तो दाखवतो तो खोटा वेग). बोर्ड चालू करून ५-१० मिनिटं तसाच ठेवा, चिप गरम होऊन स्थिरावते. मग पट्टे बांधल्यावर रुग्णाला १५ सेकंद पूर्ण स्थिर बसवा आणि प्रत्येक रकान्याची सरासरी वजा करा. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये हे दर रुग्णाला नव्याने करा. एसीतून हॉलमध्ये आणलेला सेन्सर आणि दुपारी तापलेला सेन्सर यांचा बायस एक राहत नाही. ०.१ अंश प्रति सेकंद एवढा बायस राहिला तरी एका मिनिटात ६ अंशांची सरक होते.

मग वाकण्याचा वेग: मांडीचा वेग तिच्या अक्षावर, नडगीचा तिच्या अक्षावर, दोघांची वजाबाकी. हा वेग साठवत गेलं की कोन मिळतो.

शेवटी सरक काढणे. नेहमीचा कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणजे दोन्हींच्या कोनांना वाटून दिलेलं वजन: जायरोला ०.९८ आणि अ‍ॅक्सिलरोमीटरला ०.०२. १०० हर्ट्झला त्याचा कालावधी अर्धा सेकंद येतो. चालण्यासाठी हा फार छोटा आहे. टाच टेकताना नडगीवर २-३ जी चा धक्का बसतो आणि अ‍ॅक्सिलरोमीटर त्यालाच गुरुत्व समजतो. ०.९९५ ठेवा, म्हणजे सुमारे २ सेकंद. आणि त्याहून महत्त्वाचं, एकूण त्वरण ०.९ ते १.१ जी च्या बाहेर असेल तेव्हा अ‍ॅक्सिलरोमीटरला मत देऊच नका. पाय जमिनीवर सपाट टेकलेला असतो तेव्हाच त्याचं ऐका.

काही जण सरक घालवायला सरळ हाय-पास फिल्टर (सावकाश बदलणारा भाग काढून टाकणारा) लावतात. आलेख सुरेख दिसतो, पण सरासरी कोनही त्याबरोबर जातो. म्हणजे कोनमापक यांनी जी कायमची वाक जपायला सांगितली ती गेली.

---

कोनमापक

बरोबर. ज्यांना आणखी पुढे जायचंय त्यांच्यासाठी एक चांगली वाट आहे. मांडीच्या सेन्सरवरचं त्वरण गणिताने गुडघ्याच्या सांध्याच्या मध्यापर्यंत न्यायचं, नडगीचंही तिथेच न्यायचं. सांधा एकच असल्याने खरं त्वरण एकच, फक्त दोन वेगळ्या बाजूंनी पाहिलेलं. त्या दोन बाणांमधला फरक म्हणजेच गुडघ्याचा कोन, आणि तो धक्क्याच्या वेळीही बऱ्यापैकी खरा राहतो. थोमास झील आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या पद्धतीने कॅमेऱ्यांशी तुलना केली, तेव्हा कृत्रिम पायावर चूक १ अंशाच्या आत आणि माणसाच्या पायावर सुमारे ३ अंश आली. हा फरक पाहण्यासारखा आहे. गणित तेच, सेन्सर तेच. वाढलेली चूक मुख्यतः मांस-कातडी हलण्याची. म्हणूनच पट्ट्यावर एवढा जोर देतोय.

---

पूर्वभाग_फिजिओ

खूपच उपयोगी. पावलं कशी तोडायची? आणि निरोगी माणसाचा आलेख कसा असतो हे इथेच एकदा लिहून ठेवाल का, म्हणजे आमच्या इंटर्न मुलींनाही दाखवता येईल.

---

चाल_अभ्यासक

पाऊल तोडायला नडगीचा जायरो पुरतो. पाय हवेतून पुढे जाताना त्याचा एक मोठा उंच डोंगर दिसतो. डोंगरानंतरची पहिली खोल दरी म्हणजे टाच टेकली, डोंगराआधीची दरी म्हणजे चवडा उचलला. डोंगर ओळखायला १०० अंश प्रति सेकंद ही मर्यादा धडधाकट माणसाला ठीक. पाय ओढत किंवा काठी घेऊन चालणाऱ्याचा डोंगर तेवढा उंच होतच नाही, तिथे पावलंच गळतात. म्हणून आधी त्या रुग्णाच्या सगळ्या शिखरांचा मध्यक काढा आणि त्याच्या ४० टक्के ही मर्यादा धरा. दोन शिखरांत किमान अर्धा सेकंद असला पाहिजे, नाहीतर थरथर पाऊल म्हणून मोजली जाते.

एका टाचेपासून त्याच पायाच्या पुढच्या टाचेपर्यंत एक चक्र. प्रत्येक चक्र ० ते १०० टक्के असं ताणून १०१ बिंदूंवर आणा आणि सगळी एकावर एक ठेवा.

सपाट जमिनीवर, नेहमीच्या वेगाने चालणाऱ्या निरोगी प्रौढाचा गुडघा साधारण असा:

टाच टेकताना जवळजवळ सरळ, ० ते ५ अंश. लगेच शरीराचं वजन झेलताना १५ ते २० पर्यंत वाकतो, चक्राच्या साधारण १५ टक्क्यांवर. मग पुन्हा सरळ होतो, ४० टक्क्यांच्या आसपास ५ च्या जवळ. ६० टक्क्यांवर चवडा सुटतो तेव्हा ३५-४०. आणि ७०-७३ टक्क्यांवर सगळ्यात मोठी वाक, सुमारे ६० अंश, म्हणजे पाय जमिनीला न घासता पुढे जातो. मग परत सरळ.

म्हणजे आलेखात दोन टेकड्या, एक छोटी आणि एक मोठी. झिजेच्या रुग्णात बहुधा आधी छोटी टेकडी सपाट होते. वजन झेलताना वाकवलं की दुखतं, म्हणून गुडघा ताठ धरला जातो. मोठी टेकडी कमी होणं गुडघा बदलल्यानंतर बऱ्याचदा दिसतं. ताईंनी सुरुवातीला सांगितलेली ११० अंशांची तक्रार हीच. पलंगावर ११० असूनही हवेत पाय असताना ४० च मिळतात, कारण अडचण सांध्याच्या मर्यादेत नसून भीतीत, स्नायूंच्या ताकदीत आणि वेगात असते.

वेग विसरू नका. हळू चाललं की निरोगी माणसाच्याही दोन्ही टेकड्या बुटक्या होतात. पहिल्या दिवशी रुग्ण ०.६ मीटर प्रति सेकंदाने चालला आणि महिन्याने ०.९ ने, तर वाढलेल्या वाकेतला काही भाग निव्वळ वेगाचा आहे. दर वेळी वेग शेजारी लिहा. जमल्यास पहिल्या दिवशीच्याच वेगाने एक जास्तीची फेरी घ्या. त्या फेरीची तुलना खरी.

---

विजापूररोड

८ मीटरच्या हॉलमध्ये दोन्ही टोकांना १-१ मीटर सोडून मधल्या ६ मीटरला जमिनीवर रंगीत टेप लावा, वेग त्याच्यावर काढता येईल. वळणं टाकून द्यायची: सेन्सर उभ्या अक्षाभोवती ५० अंश प्रति सेकंदाच्या वर फिरला की ते वळण. प्रत्येक फेरीतली पहिली आणि शेवटची चक्रंही काढा. मग एका फेरीत त्या पायाची तीनेकच चक्रं उरतात, त्यामुळे सहा-आठ फेऱ्या लागतील. वीसच्या आसपास स्वच्छ चक्रं मिळाली की पुरे. दम लागणाऱ्याला मधे बसू द्या, फक्त पट्टा हलवू नका.

एसडी कार्डावर लिहिणार असाल तर कार्ड मधेच शंभर-दोनशे मिलिसेकंद अडकतं. तेवढ्यात नोंदी गळतात आणि जायरोच्या बेरजेत कायमचा खड्डा पडतो. एमपीयूचा आतला १०२४ बाइटचा फिफो (नोंदी तात्पुरत्या साठवणारी जागा) वापरा. एका नोंदीला १२ बाइट धरले तर ८५ नोंदी मावतात, म्हणजे पाऊण सेकंदाहून जास्त सवड. प्रत्येक ओळीत मायक्रोसेकंदातली वेळ लिहा. आणि एका सेन्सरचे तेच सहा आकडे सलग पाच ओळी जसेच्या तसे आले तर वायर सुटली आहे असं समजून रेकॉर्डिंग थांबवा. जिवंत सेन्सरचा शेवटचा अंक सतत थोडा हलतोच.

---

आलेखवही

नंतर आलेख गुळगुळीत करायचा फिल्टर: दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ, ६ हर्ट्झ, पुढून आणि मागून दोन्हीकडून फिरवलेला. पायथनमध्ये सायपाय लायब्ररीचं फिल्टफिल्ट. एकाच दिशेने फिरवला तर शिखर पुढे सरकतं आणि ७२ टक्क्यांची वाक ७५ च्या आसपास दिसते. हा फिल्टर कोनावर लावा, टाच शोधायच्या जायरोवर नको, दरी बोथट होते.

---

पूर्वभाग_फिजिओ

साडीचं कुणी सांगेल का? आणि घामाचं. मार्चपासून पट्टे घसरतात.

---

कोनमापक

पट्टा कापडावरून कधीच नाही, थेट कातडीवर. साडीच्या परकराखाली गुडघ्याच्या वर जाणारी सैल अर्धी चड्डी सेंटरतर्फे द्या, आणि पट्टा बांधायला बाई फिजिओच हवी. परकर खाली सोडून चाललं तरी सेन्सरला फरक पडत नाही, कॅमेऱ्यापेक्षा सेन्सर बरा तो इथेच. मात्र साडीचा घेर पाऊल आखूड करतो. म्हणून पहिल्या दिवशी साडी तर प्रत्येक वेळी साडी, सलवार तर सलवार. चपलेचंही तसंच. अनवाणी हे सगळ्यात सोपं, पण मधुमेहाने तळपाय बधिर असेल तर अनवाणी नको.

घामासाठी आधी जागा कोरडी पुसा, दुहेरी बाजूची वैद्यकीय चिकटपट्टी सेन्सरखाली, वरून पट्टा. पट्टा इतकाच घट्ट की दोन बोटं जेमतेम शिरावीत. त्याहून घट्ट बांधला तर स्नायू आवळताना पट्टाच ढकलला जातो, शिवाय पायाला मुंग्या येतात. सेन्सर छोट्या झिप पिशवीत बंद ठेवा आणि दोन पट्ट्यांचे चार जोड करा, धुतलेला कोरडा पट्टाच पुढच्या रुग्णाला.

घसरला की नाही हे ओळखायची खूण: शेवटच्या फेरीनंतर रुग्णाला परत भिंतीला उभं करा. सुरुवातीला ८ दाखवला होता आणि आता १३ दाखवतोय, तर पट्टा हलला किंवा बायस सरकला. फरक ३ अंशांहून जास्त असेल तर ते रेकॉर्डिंग बाद. ही शेवटची उभी नोंद नसेल तर मी तरी त्या फाइलवरचा कोणताही आकडा केसपेपरवर लिहू देणार नाही.

---

चाल_अभ्यासक

सूचना रुग्णाच्या भाषेत तयार ठेवा. पूर्वभागात तेलुगू आणि कन्नड बोलणारे भरपूर. "नेहमी बाजाराला जाता तसं चाला" हे एकच वाक्य प्रत्येकाला तेच सांगायचं. "नीट चाला" म्हटलं की रुग्ण दाखवायला म्हणून चालतो आणि आलेख त्याचा राहत नाही.

---

होटगीरोड_००३

मॅग्नेटोमीटरचं पटलं. यंत्र बरोबर मोजतंय हे रुग्णावर लावायच्या आधी कसं तपासायचं?

---

विजापूररोड

दोन लाकडी पट्ट्या बिजागरीने जोडा, बिजागरीपाशी मोठा कोनमापक चिकटवा, एकेका पट्टीवर एकेक सेन्सर. ०, ३०, ६०, ९० वर प्रत्येकी ३० सेकंद ठेवा. चूक २ अंशांच्या आत हवी. नंतर बिजागरी दोन मिनिटं चालण्याच्या वेगाने वाकवत राहा आणि परत ० वर आणा. शून्यावर परतला नाही तर तेवढी सरक आहे. इथे मांस नाही, त्यामुळे जी चूक दिसते ती पूर्णपणे सर्किट आणि गणिताची.

मग एका निरोगी माणसावर, मोबाइल बाजूने ३ मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला, स्टँडवर. तीन रंगीत टिकल्या: ट्रोकँटर, एपिकोंडाइल, बाहेरचा घोटा. किनोव्हिया या सॉफ्टवेअरात कोन काढता येतो, ते मोफत आहे. सुरुवातीला नडगीच्या सेन्सरवर बोटाने तीन टिचक्या मारा. व्हिडिओत त्या दिसतात, अ‍ॅक्सिलरोमीटरवर सुळके येतात, दोन्हीची वेळ त्यावर जुळवा. कॅमेऱ्यासमोरच्या दोन-तीन पावलांचंच पाहा, कडेला गेल्यावर व्हिडिओचाच कोन चुकतो.

---

कोनमापक

आणि केसपेपरवर पाचच आकडे: टाच टेकतानाची वाक, वजन झेलतानाची सर्वाधिक वाक, मधली सर्वांत सरळ स्थिती, हवेतली सर्वाधिक वाक, वेग. प्रत्येक कोन वीसेक चक्रांच्या मध्यकाने, शेजारी पसारा (आकडे किती पसरलेत ते). दोन भेटींतला फरक ५ अंशांपेक्षा कमी असेल तर "बदल नाही" असं लिहा, कारण पट्टा काढून पुन्हा बांधल्यानेच तेवढा फरक पडू शकतो. घरी बनवलेल्या या उपकरणावर निदान करायचं नाही, त्याच रुग्णाची त्याच्याशीच तुलना करायची. उपकरण विकायचं किंवा निदानासाठी द्यायचं ठरलं तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात. आणि या नोंदींवर शोधनिबंध लिहायचा असेल तर पहिल्या रुग्णाच्या आधीच नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती. मागाहून मिळत नाही.

---

पूर्वभाग_फिजिओ

सर्वांचे आभार, उद्यापासून बिजागरीवर चाचणी सुरू करतेय. शेवटचा प्रश्न. विडी वळणाऱ्या बायकांची मुख्य तक्रार "मांडी घालता येत नाही" ही आहे. हेच दोन सेन्सर लावून मांडी घालून बसण्याची वाक मोजता येईल का?

---

कोनमापक

त्यासाठी हे वापरू नका, ताई. वर काढलेलं सगळं गणित गुडघा एका बिजागरीसारखा एका अक्षावर फिरतो असं धरून आहे. मांडी घालताना गुडघा खोल वाकतो, नडगी स्वतःभोवतीही फिरते आणि कमरेतून पाय बाहेर वळतो. शिवाय पोटरी मांडीला टेकली की दोन्ही पट्टे दाबले जाऊन जागचे सरकतात. आकडा येईल, पण त्यात किती गुडघा आणि किती पट्टा हे वेगळं करता येणार नाही. तिथे दोन मोजमापं पुरतात: पालथं झोपवून गुडघा वाकवला की टाच आणि नितंब यांतलं अंतर टेपने सेंटिमीटरमध्ये, आणि मांडी घालून बसल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या कडेची जमिनीपासूनची उंची. दोन्ही पायांचं वेगवेगळं लिहा. पहिलं अंतर कमी होत असेल आणि दुसरी उंची तशीच असेल, तर गुडघ्याइतकंच खुब्याकडेही बघायला हवं.